उपयोजित कलेची पदवी आहे, हातही चांगला आहे. मग स्टुडिओ उत्तर का देत नाहीत?

तुम्ही पत्रात विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातून उपयोजित कलेत बीएफए, वय चोवीस. वर्षभर मुंबई-पुण्यातल्या जाहिरात संस्थांना आणि डिझाइन स्टुडिओंना ईमेल पाठवताय. शंभरावर गेले, उत्तरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोघांनी ‘टेस्ट’ करून घेतली आणि नंतर गप्प बसले. बाकीच्यांना दोन वर्षांचा अनुभव हवा. क्षेत्रात ओळख कुणाची नाही, इंग्रजी बोलताना अडखळायला होतं, घरून ‘एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) कर आणि शाळेत लाग’ असा आग्रह, आणि वर एआयची धास्ती. सोबत पोर्टफोलिओची पीडीएफ.

मी बरीच वर्षं जाहिरात संस्थांमध्ये आर्ट डायरेक्टर होते, आता छोटा स्टुडिओ चालवते आणि दरवर्षी एखाद-दोन ज्युनिअर घेते. त्यामुळे माणसं घेणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते सांगू शकेन.

पीडीएफ पूर्ण पाहिली. हात चांगला आहे, रंगाची समज आहे. पण ती मिटल्यावर माझ्या मनात प्रश्न उरतो तो हा: ही मुलगी सोमवारी कामाला आली, तर माझ्या टेबलावरचं कोणतं काम मी तिच्याकडे देऊ? याचं उत्तर तुमच्या बावीस पानांत सापडत नाही. ओळखी, इंग्रजी, अनुभव या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या यानंतरच्या. म्हणून सर्वांत जास्त मी याबद्दलच लिहिणार आहे.

आधी स्टुडिओत माणूस कसा घेतला जातो ते पाहा. बहुतेक वेळा घाईत. कुणी महिन्याची नोटीस देऊन निघालेलं असतं, किंवा गणपती-दिवाळीच्या तोंडावर नवा क्लायंट आलेला असतो आणि रोज दहा-बारा क्रिएटिव्ह, म्हणजे तयार जाहिराती-पोस्ट, बाहेर जायचे असतात. अशा वेळी आर्ट डायरेक्टर पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो, ‘कोणी ज्युनिअर आहे का, लगेच जॉइन होणारा?’ मग जुन्या इंटर्नला फोन जातो. मग कुणीतरी म्हणतं, मागे एक चांगला मेल आला होता बघ, आणि इनबॉक्समध्ये शोध सुरू होतो. लिंक्डइनवर जाहिरात पडते ती या सगळ्यातून कुणी मिळालं नाही तर, आणि पडली की दोन दिवसांत इतके अर्ज येतात की पहिले काही पाहून बाकीचे तसेच राहतात.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नाही. त्या दिवशी तिथे जागा नव्हती, एवढंच. आणि दुसरी, तुमचा मेल तीन महिन्यांनी शोधणाऱ्याला सापडला पाहिजे. ‘जॉब अ‍ॅप्लिकेशन’ या विषयाचे माझ्याकडे शेकडो मेल आहेत, त्यातला तुमचा मी कसा काढू? विषयात लिहा: ‘ज्युनिअर व्हिज्युअलायझर, मराठी-इंग्रजी लेआउट, इलस्ट्रेशन, कोल्हापूर, लगेच रुजू’. शोधणारा यातला कुठलातरी एक शब्द टाइप करणारच.

आणि पोर्टफोलिओ उघडला जातो तो मोबाइलवर. रिक्षात, लिफ्टसमोर, दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत. तुमची फाइल अठ्ठेचाळीस एमबीची आहे, म्हणून तुम्ही ड्राइव्हची लिंक दिलीत, आणि ती उघडली तर ‘रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस’ आलं. मी मागितला कारण मला तुम्हाला उत्तर द्यायचं होतं. घाईतला माणूस मागत नाही. शंभरातले किती मेल या एका कारणाने न पाहता राहिले असतील कोण जाणे. पीडीएफ दहा एमबीच्या आत बसवा आणि मेललाच जोडा. तेच काम बिहान्सवर (डिझायनर आपलं काम मांडतात ते संकेतस्थळ) ठेवा आणि लिंक खाली द्या. लिंक स्वतःच्या नसलेल्या फोनवर उघडून बघा.

आता आत काय आहे ते. पहिल्या पानावर तुमचं नाव आणि एक इंग्रजी सुविचार. मग ‘पाणी वाचवा’ पोस्टर, अस्तित्वात नसलेल्या कॉफी शॉपची ओळखचिन्हं, परफ्यूमची खोकी, फुकट मिळणाऱ्या मॉकअपवर चिकटवलेला लोगो, लाइफ ड्रॉइंगची चार पानं, आणि शेवटी सॉफ्टवेअरच्या पट्ट्या: फोटोशॉप ८० टक्के, इलस्ट्रेटर ७५ टक्के. (ऐंशी टक्के फोटोशॉप म्हणजे नेमकं काय, हे मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.) ही कामं वाईट नाहीत. पण मुंबईच्या जेजेपासून नागपूर, छत्रपती संभाजीनगरपर्यंत सगळीकडे अभ्यासक्रमात मिळतेजुळते विषय असतात, त्यामुळे माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक पीडीएफमध्ये हेच पोस्टर आणि हीच कॉफी असते. कॉलेजने ही कामं मार्कांसाठी करून घेतली होती. ती तशीच माझ्याकडे पाठवलीत तर मला तुमचे मार्क कळतात.

ज्युनिअर पहिलं वर्षभर काय करतो? सिनिअरने केलेल्या एका मुख्य डिझाइनवरून बाकीची तीस करतो. आम्ही त्याला अ‍ॅडॅप्ट म्हणतो. वीस बाय दहा फुटांचं आडवं होर्डिंग, त्यावरून वर्तमानपत्राची पाव पान जाहिरात, त्यावरून इन्स्टाग्रामची १०८० बाय १३५० ची पोस्ट, १०८० बाय १९२० ची उभी स्टोरी, दुकानाबाहेरचा स्टँडी, आणि यातल्या प्रत्येकाचं मराठी रूप. आडव्या मांडणीत बसलेली चार शब्दांची ओळ उभ्या मांडणीत कुठे तोडायची, फोटोतल्या बाईचा हात कापला जाणार असेल तर काय करायचं, अटी-शर्तींची बारीक ओळ स्टोरीच्या तळाशी बटणाखाली जाऊ नये म्हणून किती वर घ्यायची. रोजचं काम हे आहे. कंटाळवाणं वाटेल, पण ज्याला हे नीट येतं त्याला मी डोळे झाकून घेते. पोर्टफोलिओत हे दाखवणारं मात्र फार क्वचित कुणी भेटतं.

तेव्हा बावीस पानं काढून टाका आणि तीन प्रकल्प ठेवा. पहिला असा की ज्यात एकच कल्पना सहा-सात आकारांत उतरवलेली दिसेल, छपाईची फाइल खऱ्या फाइलसारखी बनवून: सीएमवायके (छपाईचे चार रंग), तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), कटिंगच्या खुणा. यासाठी कॉफी नको. तुम्ही कोल्हापुरात आहात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, त्यांचे कॅटलॉग बहुतेक मुलाने-भाच्याने केलेले असतात. हुपरीला चांदीच्या दागिन्यांचा धंदा आहे. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारातल्या निम्म्या ढेपा बिनचेहऱ्याच्या पिशवीत विकल्या जातात. यातला एक खरा व्यावसायिक गाठा, त्याच्याशी बोला, माल बघा, आणि त्याच्यासाठी एक छोटी मोहीम करा. त्याने पैसे दिले तर उत्तम. नाही दिले तरी पानावर प्रामाणिकपणे लिहा की हे काम स्वतःहून केलेलं आहे, क्लायंटने दिलेलं नाही. कुठल्या मोठ्या ब्रँडचं नाव लावून ‘क्लायंट’ म्हणू नका. हे क्षेत्र इतकं लहान आहे की एका फोनमध्ये कळतं. गटात केलेलं काम असेल तर तुमचा वाटा कोणता ते एका ओळीत सांगा.

दुसरा प्रकल्प देवनागरीचा, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं भांडवल ते स्वतःच लपवून ठेवतात. तुमच्या अख्ख्या पीडीएफमध्ये मराठी मजकूर दोन पानांवर आहे!

महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर जी धावपळ झाली तिचं फळ रस्त्यावर उतरून पाहा: इंग्रजी लोगो देखणा, आणि शेजारी किंवा वर त्याच रंगात कसंतरी टाइप केलेलं मराठी. लॅटिन अक्षराची जाडी, कोन, गोलाई यांच्याशी त्या देवनागरीचा काही संबंध नाही. ब्रँड मोठा असला तरी अवस्था तीच. अशा पाच पाट्या निवडा, फोटो काढा, आणि प्रत्येकीचं देवनागरी नीट जुळवून दाखवा. मूळ, तुमचे कच्चे प्रयत्न, शेवटचं अक्षर. पाच पानं पुरेत. अमराठी क्रिएटिव्ह डायरेक्टरलाही हे पाहताक्षणी कळतं, कारण त्याच्या गळ्यात हेच दुखणं असतं आणि त्याच्या टीममध्ये ते सोडवणारं कुणी नसतं.

यासोबत मजकुराच्या मांडणीची समज दाखवा. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. इंग्रजी लेआउट उचलून त्यात मराठी भरलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावला नसेल तर ‘स्थिती’तली ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, हा प्रकार मी छापून आलेल्या जाहिरातीतही पाहिला आहे. छापखान्यांतून श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीतला मजकूर येतो, तो युनिकोडमध्ये आणताना काय मोडतं हे माहीत असलेला ज्युनिअर सोन्यासारखा. फॉन्टसाठी खर्चाची गरज नाही: मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, त्यांच्यातला फरक समजून वापरा. हाताने लेटरिंग येत असेल तर ते जरूर ठेवा. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांनी अक्षरातूनच नाटकाचा स्वभाव उभा केला, आणि अच्युत पालवांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती सुलेखनासाठी. हे काम जुनं झालंय असं तुमच्या एखाद्या वर्गमित्राने सांगितलं असेल तर त्याचं ऐकू नका.

तिसरा प्रकल्प तुम्हाला आवडेल तो. रंकाळ्यावरची स्केचेस चालतील, कॉमिक चालेल. इथे मला तुमची आवड पाहायची असते, कौशल्य नव्हे.

अनुभवाचं काय, हा पुढचा प्रश्न. ‘दोन वर्षांचा अनुभव’ असं जाहिरातीत लिहिणाऱ्याला खरं म्हणजे एवढंच हवं असतं की हा माणूस फाइल छपाईला पाठवताना घोळ घालणार नाही आणि क्लायंटने चौथ्यांदा बदल सांगितला तर रडणार नाही. दोन्ही गोष्टी नोकरीबाहेर शिकता येतात. माझा आग्रहाचा सल्ला: महिनाभर कोल्हापुरातल्या एखाद्या ऑफसेट छापखान्यात जाऊन बसा. प्लेट कशी निघते, रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणं) हललं की अक्षर कसं दुहेरी दिसतं, काळ्या मजकुरात चारही रंग मिसळले की काय होतं, मॅट लॅमिनेशनखाली निळा रंग किती मरतो. पदवीच्या चार वर्षांत हे कुणी हाताला धरून दाखवत नाही. छापखान्याचे मालक सहसा नाही म्हणत नाहीत. डीटीपीला बसणारं कुणी त्यांनाही हवंच असतं. बायोडेटात लिहिलेला हा एक महिना मला कुठल्याही ऑनलाइन सर्टिफिकेटपेक्षा जास्त सांगतो.

तुमचं इलस्ट्रेशन बरं आहे, म्हणून दिवाळी अंकही सुचवते. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही परंपरा आजही दरवर्षी ढिगाने कथाचित्रं आणि मुखपृष्ठं मागते. कामं जून-जुलैपासून वाटली जातात. ऑक्टोबरमध्ये विचारून उपयोग नाही. मानधन बेताचं, कधी उशिरा. पण संपादक कथा देतो, तारीख देतो, आणि अंकात तुमचं नाव छापून येतं. म्हणजे क्लायंट, डेडलाइन आणि छापील पुरावा, तिन्ही एकदम. मुलांची पुस्तकं काढणारे मराठी प्रकाशक आणि बालभारतीचं ‘किशोर’ मासिक यांचे जुने अंक चाळा, त्यांची शैली बघा, आणि त्या शैलीला जवळ जाणारे चारच नमुने पाठवा. चाळीस पाठवलेत तर कुणी पाहत नाही.

आता त्या दोन टेस्टबद्दल. टेस्ट घेणं गैर नाही, मीही घेते. पण टेस्ट म्हणजे जुना किंवा काल्पनिक विषय, दोन-तीन तासांचं काम, आणि निकाल काय ते कळवणं. तुम्हाला पहिल्या स्टुडिओने चालू क्लायंटचं नाव देऊन सहा पोस्ट मागितल्या आणि वर ‘ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) पाठवा’ म्हटलं. ही टेस्ट नव्हती, फुकटचं काम होतं. पुढच्या वेळी असं आलं तर नम्रपणे एवढंच लिहा: ‘एक क्रिएटिव्ह करून पाठवते. पसंत पडलं आणि वापरायचं असेल तर मानधन किती असेल ते कळवाल का?’ कमी रिझोल्यूशनचा जेपेग पाठवा, कोपऱ्यात नाव टाका, फोटोशॉपची पीएसडी किंवा इलस्ट्रेटरची ‘.ai’ फाइल देऊ नका. भला माणूस याने बिघडत नाही. जो बिघडतो त्याच्याकडे नोकरी केली असती तर पगारही असाच अडला असता.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण तुम्ही नोकरीत नव्हता, पैसे मिळाले नाहीत, करार नाही. त्या कामाचा हक्क तुमचाच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतो. म्हणून लगेच कोर्टात जा असं मी म्हणत नाही, त्यात जीव जाईल. पण तुमचं काम कुठे वापरलेलं दिसलं तर तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा आणि मूळ मेल जोडून मानधनाचं बिल पाठवा. पुष्कळदा तेवढ्यावर पैसे येतात, कारण क्लायंटपर्यंत विषय गेलेला कुणालाच नको असतो.

ओळखी. हा शब्द ऐकला की मुलांना वाटतं, मामा-काका जाहिरातीत असले पाहिजेत. प्रत्यक्षात ज्युनिअरची शिफारस करतो तो दोन-तीन वर्षं आधी लागलेला मुलगा, कारण ग्रुपवरचा तो निरोप त्याला आधी दिसतो. म्हणून क्रिएटिव्ह हेडला लिहिणं थांबवा. त्याला रोज पन्नास जण लिहितात. तुमच्याच कॉलेजचे तीन-चार वर्षं पुढचे विद्यार्थी शोधा, कोण कुठे आहे ते लिंक्डइनवर आणि बिहान्सच्या श्रेयनामावलीत दिसतं. त्यांना नोकरी मागू नका, काम दाखवा आणि नेमकं काहीतरी विचारा: ‘तुमच्या अमुक पॅकेजिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी एकाच जाडीचं दिसतं, ते कसं जुळवलंत?’ खरं कुतूहल असेल तर माणूस उत्तर देतो. स्वतःच्या कामाबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही? उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण द्या, नवं काम जोडून. त्यानंतर सोडून द्या. जेजेच्या उपयोजित कला संस्थेचं वार्षिक प्रदर्शन पाहायला जाता आलं तर जा. तिथे माजी विद्यार्थी आणि स्टुडिओवाले येतात, आणि भिंतीसमोर उभं राहून बोलणं मेलपेक्षा सोपं असतं.

इंग्रजीची भीती तुम्ही जेवढी मोठी मांडली आहे तेवढी ती नाही. मुंबईतल्या स्टुडिओंत हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं मिसळून चालतं. तुमच्या तीन प्रकल्पांबद्दल प्रत्येकी पाच वाक्यं इंग्रजीत तयार ठेवा: कुणासाठी होतं, अडचण काय होती, मी काय केलं, काय सोडून दिलं, का. मोठ्याने बोलून सराव करा. उरलेल्या मुलाखतीत हिंदी बोललात तरी बिघडत नाही. क्लायंट सर्व्हिसिंगला, म्हणजे क्लायंटशी बोलणी करणाऱ्या विभागात, जायचं असतं तर वेगळं सांगितलं असतं.

एआयबद्दल गोड बोलणार नाही. कटआउट करणं, बॅकग्राउंड वाढवणं, स्टोरीबोर्डच्या कच्च्या चौकटी, मूडबोर्ड, साध्या सणावाराच्या पोस्ट. ही ज्युनिअरची कामं होती आणि त्यातली बरीच आता एका माणसाच्या हाताखाली तासाभरात होतात. फक्त ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ची पोस्ट करता येणाऱ्याला आता कठीण आहे. उलट बाजूला, एआयने काढलेली चित्रं ब्रँडच्या चौकटीत बसवणं, सहा बोटं आणि उलट नेसलेली साडी पकडणं, क्लायंटने ‘हेच चित्र, पण बाईने डोक्यावरून पदर घेतलेला’ म्हटल्यावर बाकी काही न हलवता ते करून देणं, यासाठी चित्रकलेचा हात असलेलीच माणसं लागतात. चित्रातलं देवनागरीही तपासून घ्यावं लागतं. पोर्टफोलिओत एआय वापरलं असेल तर कुठे वापरलं ते लिहा. लपवलेलं मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं, आणि मग बाकीच्या कामावरचाही विश्वास जातो.

पैशांचं बोलू. मला दिसतं त्याप्रमाणे मुंबई-पुण्यात नव्या ज्युनिअरला महिना अठरा ते तीस हजारांच्या दरम्यान मिळतात. पुणे थोडं कमी, पण राहणं स्वस्त. ऑफरमधला सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा आणि खात्यात पडणारा आकडा वेगळा असतो, हातात किती येणार ते सरळ विचारा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे काम करणार नाही असं कलम दिसलं तर घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम अशा बंदीला मान्यता देत नाही. आणि रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ‘पोर्टफोलिओ प्रमोशन’साठी पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नसते. पैसे भरले गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

नोकरी मिळेपर्यंत सुटी कामं कराल, ती करताना एवढं सांभाळा. काम, रक्कम, तारीख आणि बदलांच्या किती फेऱ्या हे मेलवर लिहून घ्या. निम्मे पैसे आधी. आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार करायला सुविधा परिषद आहे. नोंदणी कामाच्या आधीची हवी. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ‘देय ४५ दिवसांत’ एवढं छापलं तरी कंपन्यांचे हिशेबनीस जागे होतात, कारण मुदत उलटून वर्षअखेरही थकलेल्या रकमेची वजावट त्यांना आयकरात त्या वर्षी मिळत नाही. कंपन्या व्यावसायिक शुल्कातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कित्येक मुलं तो तसाच सोडून देतात.

घरच्यांशी वाद घालू नका, मुदत ठरवा. त्यांना दिसतं ते एवढंच की मुलगी वर्षभर लॅपटॉपसमोर बसून आहे. ‘पुढचे आठ महिने मला द्या, त्यात छापून आलेलं काम आणि आलेले पैसे दर महिन्याला दाखवते’ असं सांगितलंत तर बोलणं बदलतं. पहिल्या बिलाचे पैसे घरात दिसले की आणखी बदलतं. कलाशिक्षिका होण्यात कमीपणा काही नाही, पण शाळांमधल्या कायम जागा कधी निघतील याचा भरवसा नसतो, त्यामुळे तो खात्रीचा रस्ता आणि हा जुगार अशी विभागणी करणं चूक आहे, हेही त्यांना शांतपणे सांगा.

आणि नोकरी हातात नसताना मुंबईत खोली घेऊ नका. पीजीचं डिपॉझिट आणि दोन महिन्यांचं भाडं यातच साठवलेलं सगळं जातं, आणि मग मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते. त्याऐवजी नवी पीडीएफ तयार झाली की आधी मेलवर चार-पाच भेटी ठरवा, एकाच आठवड्यात. जुलैच्या शेवटापासून सणांच्या मोहिमांचा ताण सुरू होतो, माणसं कमी पडतात, तो काळ चांगला. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालात तर सकाळी मुंबईत असता. भेटी मंगळवार ते गुरुवार ठेवा. सोमवारी सगळे मीटिंगमध्ये असतात आणि शुक्रवारी डेडलाइनमध्ये. पत्ते पाहून एका दिवशी अंधेरी-गोरेगाव, दुसऱ्या दिवशी परळ-महालक्ष्मी असं लावा, नाहीतर दिवस लोकलमध्ये जाईल. पोर्टफोलिओ फोनवर असू द्या, टॅबवर असू द्या, पण ए३ आकारात चांगल्या कागदावर छापलेली एक प्रत जवळ हवीच. त्या छापखान्यात महिनाभर बसलात तर ती तिथेच काढून मिळेल.